कोणत्या हायस्कुलात घालावे?

मे महिना सरत आला म्हणजे आमच्या देवगड तालुक्यात घरोघर दोनच प्रश्न ऐकू येतात. आंब्याची शेवटची पेटी काय भावाने गेली हा एक, आणि सातवी उत्तीर्ण झालेल्या मुलाला कोणत्या हायस्कुलात घालावयाचे हा दुसरा. पहिल्याचे उत्तर वाशीचा दलाल देतो. दुसऱ्याचे उत्तर देण्याचे काम गेली कित्येक वर्षे मजकडे चालत आलेले आहे. मी प्राथमिक शाळेतील शिक्षक. तीन तपांच्या नोकरीत माझ्या हाताखालून सातवी होऊन गेलेली मुले तालुक्यातील बहुतेक सर्व माध्यमिक शाळांतून पांगली, आणि त्यांच्या पुढल्या हकीकती माझ्या कानी येत राहिल्या. त्यामुळे ‘गुरुजींस विचारावे’ असा प्रघातच पडून गेला. सेवानिवृत्तीनंतरही तो मोडला नाही. उलट आता मास्तरांस वेळच वेळ आहे अशा समजुतीने तो वाढला आहे.

मी स्वतः मॅट्रिक. खरे पाहता मुंबई विद्यापीठाची ती जुनी परीक्षा जाऊन १९४९ साली एस्. एस्. सी. आली, तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. परंतु आमच्या घरात दहावीस मॅट्रिकच म्हणत, आणि मीही तेच म्हणत आलो. पुढे अध्यापनाची पदविका घेतली, आणि संस्कृत मात्र एका वृद्ध शास्त्र्यांच्या ओटीवर मांडी घालून शिकलो. तेव्हा हायस्कुलांविषयी मी जे लिहीत आहे, ते त्यांच्या कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या माणसाचे लिहिणे आहे. तथापि मूल कोणत्या स्थितीत आत गेले आणि कोणत्या स्थितीत बाहेर पडले, हे दाराशी उभ्या असलेल्या माणसास पुष्कळदा बरे दिसते.

गेल्या वर्षी हा प्रश्न आमच्याच घरात उभा राहिला. आमचे कुटुंब एकत्र आहे. थोरले बंधू, वहिनी, आम्ही उभयता, आंब्याची बाग पाहणारा थोरला पुतण्या, त्याची पत्नी व मुले असा सर्व व्याप एकाच छपराखाली आहे. धाकटा पुतण्या तेवढा पुण्यास असतो. थोरल्याची मुलगी, म्हणजे आमची नात, सातवीत होती. सांगेलीच्या जवाहर नवोदय विद्यालयाच्या परीक्षेस ती पाचवीत असताना बसली होती, परंतु तेथील जागा फार तर ऐंशी, आणि परीक्षेस सारा जिल्हा बसतो. तिचा क्रमांक लागला नाही. आता मार्ग चार होते. सड्यावरून अडीच किलोमीटर चालत गेल्यावर लागणारे गावचे लहान हायस्कूल, तालुक्याच्या ठिकाणचे मोठे हायस्कूल, पिवळी मोटार दारापर्यंत पाठविणारी इंग्रजी माध्यमाची विनाअनुदानित शाळा, आणि पुण्यास काकाचे घर.

घरात जितकी माणसे तितकी मते झाली. पुण्याचा पुतण्या दूरध्वनीवरून रोज रात्री सांगे, “काका, तिला इकडेच पाठवा. शाळा घरापासून पाच मिनिटांवर आहे.” वहिनींस मुलगी डोळ्यांआड व्हावयास नको होती. थोरले बंधू सर्व ऐकून घेत आणि शेवटी एकच वाक्य बोलत, “निकाल पाहा. बाकी सगळ्या गप्पा.” सूनबाई पुष्कळ दिवस काहीच बोलल्या नाहीत. मग एके दिवशी मला म्हणाल्या, “काका, तुम्ही शाळा बघायला जाणारच आहात, तर तिला गणित कोण शिकवणार, तेवढे विचारून या.” सूनबाई रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झालेल्या आहेत, त्यामुळे हा प्रश्न त्यांस सुचला असेल. पण सबंध घरात शाळेविषयीचा नेमका असा प्रश्न तो एकच होता.

प्रथम बंधूंच्या निकालाचे पाहू. त्यांनी वर्तमानपत्रांतील कात्रणे वर्षानुवर्षे जपून ठेवलेली आहेत. त्यांवरून एक गोष्ट उघड दिसते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचे कोकण विभागीय मंडळ दहावीच्या परीक्षेत सर्व महाराष्ट्रात वरचढ ठरत आलेले आहे. २०२३ साली राज्याचा निकाल ९३.८३ टक्के, तर कोकणचा ९८.११. २०२४ साली राज्याचा ९५.८१, कोकणचा ९९.०१. २०२५ साली राज्याचा ९४.१०, कोकणचा ९८.८२. आम्हांस याचा अभिमान वाटतो, आणि वाटावा. परंतु ज्या विभागात शंभरांतील नव्याण्णव मुले उत्तीर्ण होतात, त्या विभागातील दोन शाळांची तुलना उत्तीर्णांच्या टक्केवारीवरून कशी करावयाची? संस्कृतात अव्यय म्हणून एक जात आहे. लिंग, वचन, विभक्ती काहीही बदलो, अव्यय बदलत नाही. आमच्या शाळांचा निकाल असा अव्यय झाला आहे. तो सगळ्यांच्या पुढे सारखाच येतो आणि वाक्याच्या अर्थाविषयी फारसे काही सांगत नाही.

शिवाय लहान संख्यांचे गणित मोठे फसवे असते. २२ मुलांच्या वर्गातील एक मुलगा नापास झाला की शाळेचा निकाल ९५.४५ टक्के होतो. २२० मुलांच्या शाळेत दहा नापास झाले तरी निकाल तोच, ९५.४५. कात्रणात दोन्ही शाळा शेजारी शेजारी बसतात. मला अशी एक लहान शाळा ठाऊक आहे की जिचा शतप्रतिशत निकालाचा क्रम एका वर्षी तुटला. तुटला तो एकाच मुलामुळे, आणि त्या मुलाचे वडील परीक्षेपूर्वी तीनच आठवडे वारले होते. त्या शाळेने त्याला परीक्षेस बसविले, जुलैच्या पुरवणी परीक्षेस पुन्हा बसविले, आणि तो उत्तीर्ण झाला. वर्तमानपत्रात त्या वर्षी शाळेचे नाव खाली गेले, ते मात्र खालीच राहिले.

याच्या उलटही चालते, आणि ते लिहिणे प्राप्त आहे. शाळा सुटलेल्या मुलांस बाहेरून परीक्षा देता यावी म्हणून सतरा नंबरचा फॉर्म असतो. वस्तुतः ती मोठी सोय आहे. घरच्या अडचणीने शिक्षण तुटलेल्या कित्येक मुली त्या फॉर्मामुळे दहावी झाल्या आहेत. परंतु काही ठिकाणी नववीत अडखळणाऱ्या मुलाच्या पालकांस बोलावून गोड शब्दांत समजावले जाते की, “याला बाहेरून बसवा, म्हणजे त्याच्यावर ताण येणार नाही.” मुलावरचा ताण जातो की नाही, मला ठाऊक नाही. शाळेच्या निकालावरचा मात्र जातो. ही शाळा अमुक असे मी लिहीत नाही. तालुका लहान आहे, आणि नाव दिले की वाचक गोष्ट सोडून नावच घेऊन बसतात.

म्हणून माझे माप निराळे आहे. एखाद्या तुकडीत आठवीच्या जूनमध्ये किती मुले होती, आणि त्याच तुकडीतील किती मुले दहावीच्या परीक्षेस त्या शाळेतून बसली, हे दोन आकडे मी विचारतो. मुख्याध्यापक पहिल्या प्रश्नास दचकतात, दुसऱ्यास हसतात. पण आकडे हजेरीपत्रकात असतात, आणि पाहू म्हटल्यास कोणी नाही म्हणत नाही. आठवीपर्यंतचे शिक्षण कायद्याने मोफत व सक्तीचे आहे, दुपारचे शिजवलेले जेवणही आठवीपर्यंतच मिळते. नववीपासून कायद्याचा हात सुटतो आणि ताटही उचलले जाते. बंदरावर जाळे ओढण्याइतके मनगट मुलास त्याच सुमारास येते. बागेत फवारणीच्या पंपाशी उभे राहण्याचे वयही तेच. तेव्हा नववीत मूल टिकवून धरणे हीच आमच्याकडील हायस्कुलाची खरी परीक्षा, आणि ती परीक्षा मंडळ घेत नाही.

येथे शहरी वाचकांसाठी एक खुलासा केला पाहिजे. प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेच्या, परंतु आमच्याकडील बहुतेक हायस्कुले सरकारने काढलेली नाहीत. शिक्षकांचे पगार सरकारी अनुदानातून होतात. शाळा मात्र संस्थेची असते, आणि त्या संस्थेच्या नावापुढे पुष्कळदा ‘मुंबई’ असा शब्द लागलेला असतो. याचे कारण जुने आहे. माझ्या वडिलांच्या लहानपणी इंग्रजी शिकावयाचे तर देवगडच्या मुलास मालवण, राजापूर किंवा रत्नागिरी गाठावी लागे. ते स्वतः वार लावून शिकले. सोमवारी एका घरी जेवायचे, मंगळवारी दुसऱ्या, आणि ज्या वाराला घर मिळाले नाही त्या वारी पाणी पिऊन निजायचे. ही गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली आहे की मुले तिला कंटाळली आहेत, पण ती खरी आहे. ज्यांस तेवढेही साधले नाही ते आगबोटीने मुंबईस गेले, गिरणीत, गोदीत, पेढीवर राबले, आणि आपल्या गावात हायस्कूल व्हावे म्हणून पगारातून वर्गणी देऊ लागले. श्रीमंतांनी मोठ्या देणग्या दिल्या, मालवणचे टोपीवाला हायस्कूल हे नावच सांगते. परंतु मालवणचे भंडारी हायस्कूल, वेंगुर्ल्याचे पाटकर हायस्कूल, सावंतवाडीची कळसुलकर, राणी पार्वतीदेवी आणि मिलाग्रीस ही हायस्कुले, आमच्या देवगडचे शेठ म. ग. हायस्कूल यांची नुसती नावे वाचली तरी कळते की कोठे एखादे घराणे, कोठे एखादी ज्ञाती, कोठे संस्थानचे राजघराणे, कोठे ख्रिस्ती मंडळी शाळेच्या पाठीशी उभी होती. खेड्यांतील हायस्कुलांस तर अशी मोठी नावेही नाहीत. ती वर्गणीच्या पावत्यांवर उभी राहिली. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला, त्यापूर्वीच यांतील पुष्कळ शाळा नांदत्या होत्या.

असो. सूनबाईंचा प्रश्न खिशात घालून मी जानेवारीत तीन दिवस तीन शाळा पाहिल्या.

मोठ्या हायस्कुलात पाहावयास पुष्कळ आहे. संगणकांची खोली, ढालींनी भरलेले कपाट, मैदानावर खो-खोची आखलेली रांगोळी. गणिताला दोन शिक्षक, विज्ञानाला दोन. एक सुटीवर गेला तरी तास रिकामा जात नाही, ही लहान गोष्ट नव्हे. संस्कृतही आहे, शंभर गुणांचे संपूर्ण संस्कृत. मला आनंद झाला. मग मी वर्गात थोडा वेळ बसलो. मुले पाठ केलेली रूपे धडाधड म्हणत होती, आणि गुणही चांगले पाडत असतील. मधल्या सुटीत एका मुलीस विचारले, “बाळ, संस्कृत का घेतलेस?” ती प्रामाणिकपणे म्हणाली, “टक्के वाढतात.” देववाणी टक्के वाढवते हे तिच्यावर रुसण्याचे कारण नाही, अमरकोश तरी आम्ही कोठे हौसेने पाठ केला होता? पण दुसरी एक गोष्ट मला टोचली. माझ्या शाळेतून दोन वर्षांपूर्वी गेलेला, आडवाडीतला, अबोल, हिशेबात मात्र पक्का असा एक मुलगा तेथे नववीत होता. त्याच्या वर्गशिक्षकांस मी त्याच्याविषयी विचारले. ते म्हणाले, “कोणता बरे तो?” दोष त्यांचा नाही. वर्गात साठ मुले, आणि त्यांच्याकडे तसे तीन वर्ग. पहिली पाच मुले आणि शेवटची पाच मुले शिक्षकास आपोआप ठाऊक होतात. मधली पन्नास मुले नाव न उच्चारले जाताच तीन वर्षे काढू शकतात.

इंग्रजी शाळेत टापटीप होती. मुलांनी उभे राहून माझे स्वागत केले. भूगोलाचा तास चालला होता, आणि एका मुलाने जांभ्या दगडाची व्याख्या इंग्रजीत एका श्वासात म्हणून दाखविली. मी त्यास मराठीत विचारले, “हा दगड तू कोठे पाहिलास काय?” तो गोंधळला. ज्या भिंतीस टेकून तो उभा होता ती चिऱ्याची, म्हणजे जांभ्याचीच होती, आणि अंगणातला गडगाही त्याचाच. शिक्षिका बुद्धिमान व तळमळीच्या दिसल्या. पण त्या वर्षातल्या तिसऱ्या होत्या, कारण तेथील पगारावर कोणी फार दिवस टिकत नाही. आणखी एक गोष्ट पुष्कळ पालकांस ठाऊक नसते. आठवीत एक राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा होते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरच्या गुणी मुलास तीतून नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये मिळतात. ती सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांसाठीच आहे. विनाअनुदानित शाळेत फी भरून जाणारे मूल तीस बसू शकत नाही, मग त्याचे आईबाप ती फी कर्ज काढून का भरीत असेनात.

गावच्या हायस्कुलात मी दुपारी पोहोचलो. आठवी ते दहावी तीन वर्ग मिळून साठाच्या आतली मुले. कौले जुनी. ढालींचे कपाट नाही. प्रयोगशाळा म्हणजे अर्धी खोली, परंतु बाटल्यांवरील चिठ्ठ्या नव्याने, मुलांच्या अक्षरात लिहिलेल्या होत्या, आणि सूक्ष्मदर्शक यंत्र धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेले होते. ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली नववीतल्या एका मुलीच्या कमरेला. कोणी कोणते पुस्तक नेले आणि कोणी परत आणले नाही, हे ती वही न उघडता सांगे. मी मुख्याध्यापकांस माझे दोन आकडे विचारले. त्यांनी हजेरीपत्रकच पुढे केले. आठवीत एकवीस, दहावीच्या परीक्षेस वीस. एकविसावा मुलगा वडिलांच्या बदलीमुळे कणकवलीस गेला होता, आणि तेथे कोणत्या शाळेत आहे तेही त्यांस ठाऊक होते. नववीत असताना दोघे खलाशी म्हणून होडीवर जाऊ लागले होते. मुख्याध्यापक पहाटे बंदरावर जाऊन तांडेलाशी बोलले आणि दोघांस परत घेऊन आले. हे त्यांनी सांगितले नाही, शिपायाने सांगितले.

संस्कृत तेथे नाही. शिकविणारे होते ते निवृत्त झाले, नवे पद मंजूर झाले नाही. हे माझ्या जिव्हारी लागावयाचे, आणि लागलेही. पण आमच्या नातीस संस्कृत शिकवावयास घरात एक म्हातारा मोकळाच बसलेला आहे.

मग सूनबाईंचा प्रश्न विचारला. मुख्याध्यापक क्षणभर थांबले. “गुरुजी, गणित आणि विज्ञान दोन्ही एकच सर शिकवतात. फार चांगले शिकवतात. पण वर्षा-दीड वर्षात ते सेवानिवृत्त होतील. पुढे जागा भरली जाईल की नाही, मी वचन देऊ शकत नाही.” इतके सरळ उत्तर मला अन्य कोठे मिळाले नव्हते. तीन शाळांपैकी ज्या शाळेने आपले उणे आपण होऊन सांगितले, तिच्यावर माझा विश्वास बसला. पण उणे ते उणेच. राज्यातील शिक्षकभरती २०१२ पासून कित्येक वर्षे जवळजवळ थांबलेली होती, आणि पुढे पवित्र पोर्टलावरून ती सुरू झाली तरी रिकाम्या जागा भरण्याचा वेग सर्वांस ठाऊक आहे. त्यात १५ मार्च २०२४ च्या शासननिर्णयाने संचमान्यतेचे, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरविण्याचे निकष बदलले, आणि लहान पटाच्या शाळांच्या पोटात गोळा आला. पट कमी, म्हणून शिक्षक कमी. शिक्षक कमी, म्हणून पालक मुले काढतात. म्हणून पट आणखी कमी. सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्याच २००१ मध्ये ८,६८,८२५ होती ती २०११ मध्ये ८,४९,६५१ वर आली. माणसेच कमी होत असता शाळांनी पट कोठून आणावा?

शाळेच्या वाटेवर एस्. टी. च्या थांब्याशी बंदरावरील एक मासे विकणारी बाई भेटली. तिच्या मुलीस मी शिकविलेले आहे. मला पाहताच तिने तोच नेहमीचा प्रश्न केला, “गुरुजी, चेडवाक खंयच्या हायस्कुलात घालू?” मी मोठ्या शाळेचे गुण सांगू लागलो. तिने मध्येच विचारले, “पण सांजची गाडी गावता काय?” मी गप्प राहिलो. ग्रामीण मुलींस एस्. टी. चा पास अहिल्याबाई होळकर योजनेखाली मोफत असतो. पण पास असून गाडी नसेल तर पासाची होडी करून सोडावी. तालुक्याच्या ठिकाणाहून तिच्या वाडीस जाणारी गाडी शाळा सुटण्यापूर्वी एक आणि नंतर थेट काळोख पडल्यावर एक. म्हणजे शेवटचा तास बुडवावयाचा किंवा मुलीने दोन तास थांब्यावर उभे राहावयाचे. खो-खो, ग्रंथालय, जादा तास हे सर्व ज्या मुलांची घरे जवळ आहेत त्यांच्यासाठी. शाळांची तुलना करणारा कोणीही शहाणा माणूस एस्. टी. चे वेळापत्रक शाळेच्या गुणांत धरत नाही. त्या बाईने ते पहिल्यांदा धरले.

घरी येऊन मी सर्व हकीकत सांगितली. बंधूंनी आपली कात्रणे पुन्हा काढली आणि म्हणाले, “पण आपल्यासारख्यांची मुले तेथे कोण आहेत?” हा प्रश्न घराघरांतून विचारला जातो, मोठ्याने मात्र क्वचित. त्याचे उत्तर असे की, आपल्यासारख्यांची मुले तेथे होती. बंधूंचे दोन्ही मुलगे त्याच शाळेत शिकले, आणि त्यांतलाच एक पुण्यास मोठ्या हुद्द्यावर बसून ती शाळा नको म्हणत आहे. शिकलेल्या घरांनी आपली मुले प्रथम काढली. आपल्याबरोबर पालकसभेत उभे राहून प्रश्न विचारणारी तोंडे नेली, ग्रंथालयास पुस्तके देणारे हात नेले, आणि मग ओटीवर बसून शाळा उतरली असे म्हणू लागली. मी हे बंधूंस याच शब्दांत सांगितले. ते माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठे आहेत आणि मी त्यांच्यापुढे सहसा असा बोलत नाही. ते उठून मागीलदारी गेले. रात्री जेवताना त्यांनी विचारले, “त्या कपाटात पुस्तके किती आहेत म्हणालास?”

आणि मुले तेथे नाहीत असे थोडेच आहे? गाबितांची आहेत, कुणब्यांची, भंडाऱ्यांची आहेत. बागांची राखण करावयास आलेल्या नेपाळी कुटुंबांची आहेत. एका नेपाळी मुलाशी मी मुद्दाम बोललो. नेपाळी भाषा देवनागरीतच लिहितात, त्यामुळे अक्षरे त्यास आमच्याकडे येण्यापूर्वीच ओळखीची होती. मराठी त्याने आठ महिन्यांत उचलली. पाणी, हात, नाक, कान हे शब्द दोन्हीकडे सारखे का, असे त्याने मला विचारले. पस्तीस वर्षांत मराठी मुलाने मला हा प्रश्न विचारलेला आठवत नाही. मी संस्कृताची एक मूळ शाखा आणि तिला फुटलेल्या फांद्या जमिनीवर काढून दाखविल्या. चार मुले भोवती जमली, आणि तास संपल्याची घंटा झाली तरी हलेनात.

निर्णय अखेर सूनबाईंनी केला. म्हणाल्या, “सर आहेत तोवर सर शिकवतील. जागा रिकामी राहिली तर मी आठवड्यातून तीन दिवस जाऊन गणित घेईन, शाळेने परवानगी दिली तर. माझ्या मुलीचे एकटीचे घरी घेण्यापेक्षा वर्गाचे घेतलेले बरे.” वहिनींनी विचारले, “आणि हंगामात बागेचा हिशेब कोण ठेवील?” त्याचे उत्तर अद्याप ठरलेले नाही. पुण्याचा पुतण्या थोडा नाराज झाला, पण दिवाळीत आला तेव्हा आपल्या जुन्या शाळेस दोन पेट्या पुस्तके देऊन गेला.

नात जूनपासून गावच्या शाळेत जाते. सड्यावरून चार मैत्रिणींबरोबर जाते, आणि पावसात तिचे दप्तर माझ्या जुन्या मेणकापडात गुंडाळलेले असते. शिक्षकांची पदे ३० सप्टेंबरच्या पटावरून ठरतात, आणि त्या पटात आधार कार्डाची पडताळणी झालेलीच मुले धरतात. ती तारीख जवळ आली तेव्हा मुख्याध्यापक त्या नेपाळी मुलास व त्याच्या वडिलांस घेऊन देवगडास आधार केंद्रावर दोनदा जाऊन आले. एकदा यंत्र बंद होते, दुसऱ्यांदा कागद अपुरे ठरले. आमच्या नातीच्या वर्गात आज एकवीस मुले बसतात. सरकारी पटावर वीस आहेत.